चौदा सेकंदांची लाट

जहाजावर त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाक्यानं त्याला 'अंदाजेसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि ते आडनावच असल्यासारखं त्याला चिकटलं. दोष त्याचाच होता. त्याचं प्रत्येक वाक्य त्या शब्दानं सुरू व्हायचं. लाटा अंदाजे दीड मीटर, वारा अंदाजे बारा नॉट, पाऊस अंदाजे तीननंतर. एकदा तर ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, फोन उचलून तो स्वतःच म्हणून गेला, "हां, अंदाजे बोलतोय." त्या दिवशी अख्ख्या जहाजाला हसायला निमित्त मिळालं. तोही हसला.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हे जहाज समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबली दुरुस्त करायचं. तुटलेल्या केबलचं टोक तळातून वर ओढायचं, मागच्या डेकवर घ्यायचं, जोडायचं आणि पुन्हा खाली सोडायचं. एकदा टोक डेकवर आलं की जहाज तिथंच जखडून पडायचं. नाक वळवता यायचं नाही, लाट ज्या कुशीवर येईल त्या कुशीवर झेलावी लागायची. म्हणून रोज सकाळी सात वाजता ब्रिजवर बैठक व्हायची आणि अंदाजे जे सांगेल त्यावर दिवसाचं काम ठरायचं. लाटा अडीच मीटरच्या वर जाणार असतील तर मागच्या डेकवर कोणी उभं राहायचं नाही, असा कप्तानाचा नियम होता.

अंदाजे पस्तिशीचा होता. आठ वर्षं त्यानं किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांना अंदाज पाठवले होते. स्वतः जहाजावर चढून अंदाज देण्याची ही त्याची तिसरी फेरी. ब्रिजच्या मागे त्याला एक चिंचोळी खोली दिली होती. कॉम्प्युटरचे दोन पडदे, कप घसरू नये म्हणून काठ लावलेलं टेबल, आणि दोरीनं बांधलेली नोंदवही. पण त्याचं मन खोलीत कमी आणि ब्रिजच्या बाहेरच्या कठड्यापाशी जास्त रमायचं. उजाडलं की तो तिथं घड्याळ घेऊन उभा राही आणि लाटा मोजत बसे. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत किती सेकंद गेले, हे लिहून ठेवी. जवळच्या वाऱ्यानं उठवलेल्या लाटा घाईच्या असतात, पाच-सहा सेकंदांत एक. दूरच्या वादळातून निघून शेकडो मैल चालत आलेल्या लाटा लांब ढांगा टाकत येतात. आकडा जितका मोठा, तितकं मागे उभं असलेलं वादळ मोठं.

त्याच्या या मोजणीची कदर करणारा जहाजावर एकच माणूस होता, तो म्हणजे सारंग. खलाशांचा मुकादम. एकतीस वर्षं डेकवर काढलेला, बुटका, कमरेत जराही लवचिकता न उरलेला, सगळ्यांचा मामा. मामा शाळेत फारसा गेला नव्हता, पण समुद्राकडे बघून जे कळतं ते त्याला कळत असे. तरी रोज बैठक संपली की जिन्यात अंदाजेला गाठून तो स्वतंत्र विचारी. वरच्यांना काय सांगितलं ते ऐकलं, पण माणसं मला उभी करायची आहेत, असं तो म्हणायचा. आणि अंदाजेनं सांगितलं की मान हलवून खाली जायचा. बाकीचे थट्टा करत तेव्हा मामा हसत नसे. ते अंदाजेच्या लक्षात आलं होतं आणि मनातून त्याला त्याचं फार वाटायचं.

चौथ्या दिवशी अंदाजेनं चार मीटरच्या लाटा सांगितल्या. नकाशावर दक्षिणेकडून एक वादळ सरकत होतं आणि ते आपल्या अंगावर येणार याची त्याला खात्री वाटली. कप्तानानं काम थांबवलं. डेकवर घेतलेलं केबलचं टोक तरंगत्या बोयाला बांधून परत पाण्यात सोडावं लागलं. दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली, अक्षरशः. आणि मग वादळ दक्षिणेकडूनच निघून गेलं. दीड दिवस जहाज तेलासारख्या गुळगुळीत पाण्यावर रिकामं उभं राहिलं. वर स्वच्छ ऊन.

मग थट्टेला ऊत आला. त्याच्या केबिनच्या दाराला कोणीतरी रेनकोट टांगला. जेवणाच्या खोलीत स्वयंपाकी डोक्यावर थाळी धरून आला आणि त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाला की साहेब, जपून, लाट येतेय. सगळे हसले, तोही हसला, आणि घास गिळताना त्याचे कान तापले होते. पण खरा घाव केबलच्या मुख्य इंजिनिअरनं घातला. उंच, शांत, कधी आवाज न चढवणारा माणूस. सहाव्या दिवशीच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला, "साहेबांना विचारा, आजचा अंदाज आजचाच आहे ना." कप्तानही ओठ मिटून हसला. अंदाजे खाली मान घालून कागद चाळत राहिला. त्या कागदांवर काही नव्हतं.

सातव्या दिवशी टोक पुन्हा सापडलं आणि आठव्या दिवशी सकाळी ते डेकवर यायचं होतं.

त्या सकाळी तो नेहमीसारखा कठड्यापाशी गेला. वारा पडलेला होता. पाणी वरून शांत दिसत होतं, पण त्या शांत पाण्याखालून काहीतरी श्वास घेतल्यासारखं जहाज अगदी हळू वर जात होतं आणि हळू खाली येत होतं. त्यानं घड्याळ दाबलं. चौदा सेकंद. पुन्हा दाबलं. चौदा. वीस लाटा मोजल्या. कधी तेरा, कधी पंधरा, सरासरी चौदा. उंची काहीच नव्हती, जेमतेम मीटरभर. पण असल्या लाटा या आघाडीच्या असतात, मोठ्या मागून येतात, हे त्याला पाठ होतं. तो खोलीत गेला. नैऋत्येला हजार मैलांवर एक वादळ होतं. किनाऱ्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरनं ते किरकोळ धरलं होतं आणि दिवसभरासाठी दीड-दोन मीटर दिले होते. अंदाजेनं उपग्रहाचं चित्र नीट पाहिलं. वादळ किरकोळ नव्हतं. त्यानं एका चिठोऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'दुपारच्या आत तीन, साडेतीन. कुशीवर.' आणि चिठोरा खिशात घातला.

बैठकीला सगळे जमले होते. केबल इंजिनिअर हातात कप घेऊन उभा होता. त्याच्याकडे बघताना अंदाजेच्या डोळ्यांपुढे दाराला टांगलेला रेनकोट आला. आज पुन्हा काम थांबवा म्हणायचं. बाहेर पाणी असं चादरीसारखं पसरलेलं असताना. आणि पुन्हा काही झालंच नाही तर? त्याचा हात खिशातल्या चिठोऱ्यावर होता. तो म्हणाला, "दीड ते दोन मीटर. संध्याकाळनंतर थोडी वाढ."

कप्तानानं विचारलं, "नक्की?"

"किनाऱ्याचा अंदाजही तोच आहे."

या उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि नेमकी तीच त्यात गोम होती. इंजिनिअरनं समाधानानं मान हलवली. आज बरा अंदाज दिलात, असं कोणीतरी म्हणालं. अंदाजेला क्षणभर अगदी हलकं वाटलं. त्या हलकेपणाची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची.

जिन्यात मामा उभा होता.

"साहेब, लाटांची चाल लांबल्यासारखी वाटते मला. तुम्ही मोजली असेल."

अंदाजे दोन पायऱ्या वर होता. तेव्हा तो थांबला असता तर सगळं वेगळं झालं असतं. मामा एकटा होता, हसणारा नव्हता, आणि त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता. पण आत्ताच वर एक सांगून खाली दुसरं कसं सांगायचं? तो कठड्याच्या नळीकडे बघत म्हणाला, "दुपारपर्यंत काही नाही, मामा. निर्धास्त काम करा."

मामानं मान हलवली आणि तो खाली गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिली मोठी लाट आली. अंदाजे तेव्हा आपल्या खोलीत होता. टेबलावरचा कप काठ ओलांडून गेला. दुसऱ्या लाटेनं जहाज इतकं कललं की त्याला दाराची चौकट धरावी लागली. तिसरी आली तेव्हा मागच्या डेकवरून एक आवाज आला, जाड दोर पिंपावर आपटावा तसा, आणि मग माणसांची ओरड. केबल ओढणारी तार सैल पडून पुन्हा ताणली गेली होती. तारेच्या आतल्या बाजूला दोन खलाशी होते. मामानं दोघांना मागे ढकललं. स्वतः मागे यायला त्याला वेळ मिळाला नाही. तारेनं त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबाशी चिरडला.

अंदाजे धावत मागे गेला. गर्दीतून त्याला मामाचा चेहरा दिसला, राखेसारखा, पण शुद्धीत. मामा ओरडत नव्हता. दोन्ही खलाशी बाजूला बसून रडत होते.

कप्तानानं त्याला वर बोलावलं. हेलिकॉप्टर एवढ्या लांब येऊ शकत नव्हतं. बंदर नऊ तासांवर होतं, आणि जहाज असंच हेलकावत राहिलं तर औषधोपचार बघणाऱ्या माणसाला रक्त थांबवून धरणं शक्य नव्हतं. कमीत कमी हेलकावे बसतील असा रस्ता काढ, असं कप्तानानं सांगितलं. केबल कापून समुद्रात सोडण्यात आली.

पुढचे साडेदहा तास अंदाजेनं जे काम केलं तसं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. त्यानं किनाऱ्याचा अंदाज बाजूला ठेवला, आपले चौदा सेकंद धरले आणि लाटा कुठून, किती वाजता, किती उंच येतील ते हातानं मांडलं. सरळ रस्ता सोडून उत्तरेला वळा, दीड तास जास्त जाईल पण बेटांचा आडोसा मिळेल आणि चार तास पाणी बरं राहील, असं तो म्हणाला. तसंच झालं. मिनिटांचाही फारसा फरक पडला नाही. रात्री दहाच्या सुमारास जहाज धक्क्याला लागलं तेव्हा मामा जिवंत होता. रुग्णवाहिकेत चढवताना स्ट्रेचर अंदाजेच्या शेजारून गेलं. मामाचे डोळे मिटलेले होते.

जहाज रिकामं झाल्यावर तो खोलीत येऊन बसला. नोंदवहीत सकाळचा रकाना कोरा होता. बैठकीआधी त्यानं तो भरला नव्हता. आता भरायला हवा होता. दोन लाटांमधलं अंतर, सेकंदांत. पेन हातात घेऊन तो बराच वेळ बसला आणि मग त्यानं तिथं 'नऊ' लिहिलं. नऊ म्हणजे नेहमीची लाट. नऊवर कोणाची नजर अडकत नाही. खिशातला चिठोरा त्यानं बारीक फाडून टाकला.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी किनाऱ्याचा अंदाज पाहिला, वही पाहिली. तुम्हाला सकाळी काही वेगळी खूण दिसली होती का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. हे 'नाही' इतक्या सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. उलट त्या अधिकाऱ्यांनी परतीच्या रस्त्याबद्दल त्याचं तोंडभर कौतुक केलं. दोन आठवड्यांनी ऑफिसकडून पत्र आलं. प्रसंगावधान, असामान्य कौशल्य, एका सहकाऱ्याचे प्राण वाचले, वगैरे.

घरी वडिलांनी ते पत्र काचेत लावून घेतलं. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, कागदावर शिक्का असला की त्यांना तो खरा वाटायचा. कोणीही आलं, गॅसवाला आला तरी, ते भिंतीवरचं पत्र काढून चष्मा लावून पहिल्यापासून वाचून दाखवत. 'प्रसंगावधान' या शब्दावर ते जरा थांबत आणि मुलाकडे बघत. तो उठून आत जाई. मुलगा लाजाळू आहे, असं ते येणाऱ्याला सांगत. ते बरोबरच होतं, फक्त लाज निराळी होती.

महिन्याभरानं तो हॉस्पिटलमध्ये गेला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. मामीनं त्याला दारातच ओळखलं. तुम्हीच ना ते, तुमच्यामुळे हे आज दिसतायत, असं म्हणून तिनं त्याचे दोन्ही हात धरले, खुर्ची पुसून दिली, आणलेली संत्री सोलून त्यालाच खायला लावली. मामा उशीला टेकून बसला होता. त्यानं अंदाजेचीच तब्येत विचारली, जहाज कुठं आहे विचारलं. लाटांची चाल लांबल्याचं त्यानं काढलं नाही. चौकशीचे अधिकारी त्याच्याकडेही येऊन गेले होते, आणि त्यांनाही त्यानं जिन्यातलं काही सांगितलं नसावं, हे अंदाजेच्या तेव्हा लक्षात आलं.

मग मामीनं पिशवीतून अहवालाची प्रत काढली. इंग्रजी आहे, मुलीनं वाचून दाखवलं, पण एक ओळ तुम्ही नीट सांगा, असं ती म्हणाली. अंदाजेनं ओळ वाचली. लाटा अनपेक्षित होत्या, तथापि लाटा वाढू लागल्यावर सारंगानं वेळीच काम थांबवलं नाही आणि तो स्वतः असुरक्षित जागी उभा होता, असं लिहिलं होतं. त्यानं ते मराठीत सांगितलं. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता.

मामा खिडकीकडे बघत होता. "एकतीस वर्षांत माझ्या डेकवर कोणाचं बोट कापलं नाही," तो म्हणाला. "पाय गेला त्याचं एक वेळ काही नाही. ही ओळ लागली मला."

अंदाजेनं तोंड उघडलं. मामी शेजारी उभी होती, हातात संत्र्याची सालं घेऊन. तो म्हणाला की त्याला निघायला हवं.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. सकाळी खिडकीतून आभाळ बघायची सवय होती ती त्यानं सोडली, पडदाच सरकवेना. बायकोनं आठवडाभर पाहिलं. ती शिक्षिका होती, पोरांच्या तोंडावरून चोरी ओळखायची सवय झालेली. एका रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना तिनं त्याला गच्चीवर बोलावलं आणि काय झालंय ते सांग म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. चौदा सेकंद, चिठोरा, जिना, नऊ. सांगताना तो चिमटे एकात एक अडकवत राहिला. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी त्याला वाटलं की ती आता जवळ येईल, काहीतरी समजुतीचं बोलेल.

ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझा पाय आहे का तो?"

आणि बादली उचलून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तो गोदीत गेला. जहाज दुरुस्तीला लागलं होतं. कप्तान रिकाम्या ब्रिजवर कागद तपासत बसला होता. अंदाजेनं उभ्या उभ्याच सांगितलं. बायकोला सांगितलं तेव्हा जीभ अडखळली होती, या वेळी अडखळली नाही. अंदाज चुकवला, इथवर कप्तान ऐकत राहिला. माणूस घाबरतो, मी त्या दिवशी हसलो नसतो तर बरं झालं असतं, असंही तो म्हणाला. पण वहीतल्या नऊचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा बदलला. त्यानं वही मागवली, पान काढलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कधी लिहिलास?"

"धक्क्याला लागल्यावर."

"सारंग तिकडे हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा."

"हो."

कप्तानानं वही मिटली. मग त्यानं एकच सांगितलं, की हे सगळं आत्ता इथं बसून स्वतःच्या हातानं लिही, आणि कारणं लिहू नकोस, घडलं ते लिही. अंदाजेनं दोन पानं लिहिली. पहिल्यांदा लिहिलेल्यात 'दडपणामुळे' असा शब्द आला होता. तो त्यानं खोडला आणि पान नव्यानं लिहिलं. कप्तानानं सही करताना त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि निघताना हातही पुढे केला नाही.

चौकशी पुन्हा उघडली. अहवालातली ती ओळ काढण्यात आली. सारंगानं धोक्याची शंका वेळेवर व्यक्त केली होती आणि दोन माणसांचे जीव वाचवले, असं तिच्या जागी आलं. अंदाजेला जहाजावरच्या कामातून कायमचं काढलं. नोकरी गेली नाही, का गेली नाही ते त्यालाही कळलं नाही. एका लहान बंदरावर मासेमारीच्या होड्यांना रोजचा अंदाज सांगायला त्याला पाठवलं. कौतुकाचं पत्र रद्द झाल्याचं दुसरं पत्र घरी आलं. ते वडिलांनीच फोडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, भिंतीवरचं काढलं, दोन्ही एका पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. मुलाला त्यांनी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून घरी कोणी आलं की ते स्वतःच उठून आत जात.

एक काम उरलं होतं. मामाला तोवर घरी सोडलं होतं आणि चालण्याच्या सरावासाठी तो एक दिवसाआड सकाळी हॉस्पिटलमध्ये येई. अंदाजे तिथं गेला. लांबट खोली, मधे दोन समांतर दांड्या, भिंतीला आरसा. मामा दांड्या धरून नव्या पायावर उभा होता. मामी बाकावर बसली होती. तिनं हसून त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. तो दांडीपाशी गेला आणि मामी ऐकेल एवढ्या आवाजात बोलला. मी चौदा मोजले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं.

मामा दांडीवर भार देऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, तो सरावाचा की कसला ते सांगता येत नव्हतं.

"ओळ बदलली तेव्हाच कळलं मला, तुम्ही काहीतरी लिहून दिलं असणार," तो म्हणाला. "पण शंका आधीपासून होती. जिन्यात तुम्ही माझ्याकडे बघून बोलला नाहीत. रोज बघून बोलायचात."

"मग तुम्ही काम का थांबवलं नाहीत, मामा?"

हे विचारायला नको होतं, हे शब्द तोंडातून निघताच त्याला कळलं. मामाची बोटं दांडीवर पांढरी झाली.

"मी विचारलं ते कशाला मग? तुमचा शब्द खरा धरायचा नसता तर मी तुम्हाला कशाला विचारलं असतं, साहेब? माझं डोकं एक म्हणत होतं, तुमचं शिक्षण दुसरं म्हणालं. मी माझं डोकं बाजूला ठेवलं." तो थांबला. धाप लागली होती. "ते दोघे खलाशी. त्यांना मी ढकललं म्हणून बरं. नाहीतर तुम्ही कोणाकोणाच्या घरी गेला असतात?"

माफ करा म्हणायचं अंदाजेनं घरून ठरवून आणलं होतं, पण ते आता मागणं होईल असं वाटून त्यानं ते म्हटलं नाही. मामानंच थोड्या वेळानं ते ओळखलं.

"जाऊ द्या, झालं ते झालं, असं माझ्या तोंडून येणार नाही. येईल तेव्हा येईल. तुम्ही आलात, तोंडावर सांगितलंत, तेवढं मी धरून ठेवीन. बाकी मला जमत नाही आज."

मग त्यानं आरशाकडे तोंड केलं आणि पाऊल उचललं. दांडीच्या टोकाला पोचल्यावर त्याला वळता येईना. शिकवणारी बाई दुसऱ्या माणसाकडे होती. अंदाजे पुढे झाला आणि त्यानं काखेत हात घालून त्याला वळवलं. मामानं हात झटकला नाही, आधारही घेतल्यासारखं केलं नाही. दोघं पुन्हा या टोकाला आले. तसे चार फेरे झाले.

आता बंदरावर अंदाजे सकाळी होडीवाल्यांना सांगतो तेव्हा आधी किनाऱ्याचा आकडा सांगतो, मग स्वतः मोजलेला, आणि दोन्हींत फरक असेल तर फरक आहे असं सांगतो. चुकतो तेव्हा होडीवाले शिव्या घालतात, बुडालेल्या दिवसाच्या. त्या तो ऐकून घेतो. त्याचे कान अजून तापतात.

महिन्यातून एकदा तो मामाकडे जातो. मामा त्याच्याशी जहाजांबद्दल, गुडघ्याबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलतो. मामी दार उघडते, बाजूला होते आणि काही न बोलता आत निघून जाते. तो गेल्यावरच ती बाहेर येते, असं मामानं एकदा सांगितलं. तिला समजावू का, असंही विचारलं. अंदाजे नको म्हणाला.